लॉर्ड पीटर विम्झीचा खरा आवाज कोणता?

आपला प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो. डॉरोथी एल. सेअर्स यांच्या लॉर्ड पीटर विम्झी या खानदानी गुप्तहेरावरच्या दोन दूरचित्रवाणी मालिका आपण लागोपाठ पाहिल्या. एक इयन कारमायकल यांची, १९७२ ते १९७५ या काळातली; दुसरी एडवर्ड पेथरब्रिज यांची, १९८७ सालची. नाव तेच, नोकर तोच, लंडनच्या पिकॅडिलीतले घरही तेच, पण माणूस मात्र दोन्हीकडे निराळा वाटला. तेव्हा कादंबऱ्यांना धरून असलेला विम्झी कोणता, आणि आपल्या नाट्यमंडळाला त्याच्या एखाद्या कथेचे मराठी ध्वनिनाट्य करायचे असेल तर त्यातल्या कोणत्या रूपाचा आधार घ्यावा, असे आपण विचारले आहे.

मी गेली सत्तावीस वर्षे नभोनाट्ये लिहितो आणि बसवतो, आणि त्यांत रहस्यकथांची रूपांतरे पुष्कळ आहेत. त्यामुळे माझे उत्तर ऐकणाऱ्याच्या बाजूने झुकलेले असणार, हे आधीच सांगतो. दुसरी गोष्ट अशी की, या प्रश्नाचे उत्तर आपण या कथांकडे कशासाठी जाता यावरही अवलंबून आहे. कोडे सुटण्याचा आनंद हवा असेल तर एक रूप जवळचे वाटेल. ते कोडे सोडवण्याची किंमत सोडवणाऱ्याला काय पडते हे पाहायचे असेल तर दुसरे. माझ्या मते मात्र ‘दोघांपैकी खरा कोण’ हा आपला मूळ प्रश्न नाहीच. हा माणूस बोलण्याच्या आड राहतो, आणि प्रत्येक माध्यम त्या आडपडद्याची एकच बाजू दाखवते. आपण दोन बाजू पाहिल्या आणि दोन माणसे पाहिल्यासारखे आपल्याला वाटले.

आधी मूळ पात्र पाहू. विम्झी पहिल्यांदा आला तो १९२३ मध्ये, ‘हूज बॉडी?’ या कादंबरीत. ड्यूक ऑफ डेन्व्हर ही पदवी आणि जहागीर थोरल्या भावाकडे. हा धाकटा, म्हणून नुसता ‘लॉर्ड पीटर’. हाताशी पैसा भरपूर आणि पोटासाठी करायचे काम काहीही नाही. दुर्मीळ जुने ग्रंथ जमवतो, पियानोवर बाखच्या रचना वाजवतो, एका डोळ्याला भिंग लावतो. पहिल्याच पानावर लेखिकेने त्याच्या लांबोडक्या चेहऱ्याला चीजमध्ये निपजणाऱ्या पांढऱ्या अळीची उपमा दिली आहे, म्हणजे देखणेपणाचा प्रश्नच मिटला. आणि त्याची बडबड! वाक्य अर्धवट सोडायचे, मध्येच कवितेची ओळ म्हणायची, शब्दांची शेवटची अक्षरे त्या काळच्या उमरावी ढंगाने गिळायची, प्रेतासमोर उभे राहून मोज्यांच्या रंगावर बोलायचे. ऐकणाऱ्याला वाटावे की हा श्रीमंतीत वाया गेलेला मूर्ख आहे.

पण हा माणूस पहिल्या महायुद्धात मेजर होता, १९१८ मध्ये स्फोटात जमिनीखाली गाडला गेला होता आणि जिवंत बाहेर काढल्यावर मनाने मोडला होता. त्याचा नोकर बंटर हा युद्धातला त्याचा सार्जंट. युद्धानंतर तो त्याच्याकडे आला आणि त्यानेच त्याला पुन्हा माणसांत आणले. युद्धानंतर कित्येक महिने विम्झीला नोकरांनासुद्धा हुकूम देता येत नव्हते, असे त्याची आई पुढे एका कादंबरीत सांगते, कारण त्याच्या हुकुमाने माणसे चार वर्षे मरणाकडे चालत गेली होती. आता हे लक्षात घ्या की तेव्हाच्या इंग्लंडमध्ये खुनाला फाशी होती. म्हणजे विम्झीने गुन्हेगार शोधला की त्याच्या शब्दाने पुन्हा एक माणूस मरणाकडे चालत जाणार. कोडे सोडवणे हा त्याचा छंद आहे, आणि तेच त्याचे जुने दुखणेही आहे. बडबड ही या दोहोंच्या मधली भिंत. हे कळल्यावाचून त्याचे कोणतेही रूपांतर नीट पाहता येत नाही आणि करता तर मुळीच येत नाही.

चित्रपटांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. १९३५ चा ‘द सायलेंट पॅसेंजर’ हा पहिला; त्याची कथा सेअर्स यांनी पडद्यासाठी म्हणून लिहिली होती आणि विम्झी झाले होते पीटर हॅडन. त्यात बावळटपणा आला, त्यामागचा माणूस आला नाही. दुसरा १९४० चा ‘बझमन्स हनिमून’, जो अमेरिकेत ‘हॉन्टेड हनिमून’ या नावाने लागला. त्यात रॉबर्ट मॉन्टगोमरी हे अमेरिकी नट विम्झी झाले आणि कॉन्स्टन्स कमिंग्ज त्याची बायको हॅरिएट. चित्रपट नीटनेटका आहे, पण त्या काळी लोकप्रिय असलेल्या हसऱ्या-खेळकर जोडप्यांच्या चित्रपटांतला तो आणखी एक वाटतो. या कथेचा प्रवास मात्र रूपांतरकाराने अवश्य अभ्यासावा. ती आधी नाटक म्हणून लिहिली गेली. सेअर्स यांनी ते आपली कॉलेजातली मैत्रीण म्युरिएल सेंट क्लेअर बर्न यांच्याबरोबर लिहिले आणि डिसेंबर १९३६ मध्ये लंडनच्या कॉमेडी थिएटरमध्ये ते रंगमंचावर आले. कादंबरी झाली १९३७ मध्ये. लेखिकेने तिला उपशीर्षकच असे दिले की ही प्रेमकथा असून तिच्यात गुन्हेशोधाचे व्यत्यय येतात. नाटकाला गुन्ह्याची युक्ती प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर घडवून दाखवता येते; कादंबरीला फाशीच्या आदल्या रात्री जागणारा विम्झी दाखवता येतो. एकाच लेखिकेने एकाच कथेतून दोन माध्यमांसाठी काय काय उचलले, हे शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे.

आता कारमायकल. ही भूमिका आपल्याला मिळावी म्हणून त्यांनी बीबीसीकडे कित्येक वर्षे पाठपुरावा केला. शेवटी १९७२ मध्ये ‘क्लाउड्स ऑफ विटनेस’ आली आणि १९७५ पर्यंत पाच कादंबऱ्या झाल्या. त्यांचा विम्झी आपल्याला गमत्या वाटला, त्याचे कारण अभिनयाइतकेच प्रेक्षकांच्या आठवणीत आहे. कारमायकल हे १९५० च्या दशकातल्या विनोदी चित्रपटांचे नायक, आणि १९६५ पासून त्यांनी बीबीसीवरच विनोदी लेखक वुडहाउस यांचा बर्टी वूस्टर रंगवला होता. तिथेही श्रीमंत, बोलका तरुण आणि त्याचा शहाणा नोकर अशीच जोडी. पाच-सात वर्षांनी तोच नट, तसाच डोळ्याला भिंग लावून, तसाच नोकर बरोबर घेऊन पडद्यावर आला, तर लोकांनी आधी काय ऐकले असेल? त्यांनी बडबड ऐकली, आणि ती बडबड त्यांच्या ओळखीची होती. शिवाय पहिल्या मालिकेच्या वेळी कारमायकल पन्नाशी ओलांडलेले होते, तर त्या कथेतला विम्झी तिशीतला. चेहरा गोल, अंगाने भरलेले. कॅमेऱ्यापुढे हे लपत नाही. तरीसुद्धा या मालिकेला हलके समजू नये. कोडे उलगडून दाखवण्याची तिची शिस्त उत्तम आहे, आणि ‘मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइझ’ मधली जाहिरात कंपनी तर अगदी जिवंत आहे. सेअर्स यांनी स्वतः १९२२ ते १९३१ या काळात लंडनच्या बेन्सन या जाहिरात कंपनीत मजकूर लिहिण्याची नोकरी केली होती. त्या कचेरीतला गोंगाट, चहा, हेवेदावे आणि शेवटच्या क्षणी बदललेले मथळे कादंबरीतून थेट पडद्यावर आले आहेत.

पेथरब्रिज यांच्या मालिकेची निवडच निराळी होती. ‘स्ट्राँग पॉयझन’, ‘हॅव हिज कारकस’ आणि ‘गॉडी नाइट’ या हॅरिएट व्हेन असलेल्या तीन कादंबऱ्या घेऊन तिचे दहा भाग झाले. हॅरिएट ही रहस्यकथा लिहिणारी बाई. पूर्वीच्या प्रियकराला आर्सेनिक देऊन मारल्याच्या आरोपावरून तिच्यावर खटला चालू असतो, विम्झी न्यायालयात तिला पाहतो आणि तुरुंगातल्या पहिल्याच भेटीत तिला लग्नाचे विचारतो. ती नाही म्हणते आणि पुढे पाच वर्षे नाहीच म्हणत राहते, कारण ज्याने जीव वाचवला त्याच्या उपकाराच्या ओझ्याखाली संसार उभा राहू नये असे तिला वाटते. इथे बडबडीला उत्तर देणारी, तिच्या आडचे ओळखणारी व्यक्ती समोर आहे, त्यामुळे पेथरब्रिज यांना गप्प राहता आले. किडकिडीत बांधा, फिकट केस, वाक्याच्या शेवटी खाली जाणारा आवाज. हॅरिएट वॉल्टर यांची हॅरिएट तर इतकी सरळ आणि ताठ आहे की तिच्यासमोर विम्झीची गंमत आपोआप ओसरते. पण या मालिकेतही एक मोठी उणीव आहे. ‘गॉडी नाइट’ ही जाड, विचारांनी भरलेली कादंबरी. ती तीन भागांत कोंबताना ऑक्सफर्डच्या विदुषींमधली ‘बुद्धीची निष्ठा आधी की माणसाची’ ही सगळी चर्चा पातळ झाली आणि निनावी पत्रांचे प्रकरण तेवढे उरले. शिवाय ‘बझमन्स हनिमून’ चे हक्क न मिळाल्यामुळे मालिका होकारापाशी थांबते. लग्नानंतरचा, फाशीच्या सकाळी बायकोच्या कुशीत रडणारा विम्झी आपल्याला त्यात दिसत नाही, आणि माझ्या मते तोच या सगळ्या कादंबऱ्यांचा पाया आहे.

थोडक्यात, एका मालिकेकडे भिंत आहे, दुसरीकडे भिंतीपलीकडचा माणूस. दोन्ही एका जागी कुठे सापडतात, असे विचाराल तर रेडिओवर. तोही कारमायकल यांच्याच आवाजात.

बीबीसी रेडिओने १९७० च्या दशकापासून या कादंबऱ्यांची नाट्यरूपे केली. विम्झी कारमायकल, बंटर पीटर जोन्स. पडद्यावर ज्यांच्या वाट्याला हॅरिएट आली नाही, त्या कारमायकल यांना रेडिओने तीही दिली. १९८३ पर्यंत ‘बझमन्स हनिमून’ झाले, आणि २००५ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीच्या सुमारास, त्यांनी राहिलेले ‘गॉडी नाइट’ ही केले. वय, गोल चेहरा, वूस्टरची आठवण यांतले काहीच इथे आडवे येत नाही. आवाज तेवढा राहतो, आणि त्या आवाजात हा माणूस बोलता बोलता मध्येच थांबतो तेव्हा ऐकणाऱ्याला कळते की इतका वेळ आपण भिंतच ऐकत होतो. पडद्यावर माणूस गप्प झाला तरी त्याचा चेहरा दिसत राहतो. रेडिओवर बोलका माणूस गप्प झाला की तो नाहीसाच होतो. बडबडीची किंमत जितकी रेडिओवर कळते तितकी दुसरीकडे कुठेच कळत नाही, असे मी अनुभवाने म्हणतो.

हा अनुभव मला एका चुकीतून आला. सुरुवातीच्या काळात मी एका रहस्यकथेचे चार भागांचे रूपांतर बसवले होते. नायक असाच वरवर उथळ, आतून दुखावलेला. तो ‘विनोदी’ आहे हे श्रोत्यांना लगेच कळावे म्हणून मी नटाला चढ्या पट्टीत, प्रत्येक वाक्यापाठी हसत बोलायला लावले. पहिले दोन भाग चांगले गेले. तिसऱ्या भागात त्याचा मित्र मरतो आणि तो पहिल्यांदा खरे बोलतो, तिथे माझ्या हातात काहीच उरले नाही. नटाने पट्टी खाली आणली तर दुसराच कुणी बोलतो आहे असे वाटे, आणि तशीच ठेवली तर दुःख खोटे वाटे. मी आधीपासूनच एक सोंग उभे केले होते, आणि सोंगाला आतून माणूस नसतो. तेव्हापासून अशा पात्राचे ध्वनिमुद्रण मी शेवटच्या, सर्वांत शांत दृश्यापासून सुरू करतो. नटाला आधी माणसाचा आवाज सापडू द्यायचा आणि मग त्या आवाजावर बडबड चढवायची. आपणही हेच करावे, असे मी आग्रहाने सांगेन.

आता मराठी रूपांतराच्या प्रत्यक्ष अडचणी. पहिली हक्कांची. सेअर्स यांचे निधन डिसेंबर १९५७ मध्ये झाले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतात, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा भारतातला हक्क २०१७ च्या अखेरीस संपला. ब्रिटनमध्ये ही मुदत सत्तर वर्षांची असल्यामुळे तिथे तो २०२७ च्या अखेरपर्यंत आहे, आणि इंटरनेटवर टाकलेले ध्वनिनाट्य तिथेही ऐकले जाते. तेव्हा प्रसारण कुठे आणि कसे करणार यावर बरेच अवलंबून आहे आणि त्याआधी कायद्याच्या जाणकाराला विचारलेले बरे. ‘बझमन्स हनिमून’ चे नाटक मात्र दोघींचे आहे आणि बर्न यांचे निधन १९८३ मध्ये झाले. त्यामुळे नाटकाची संहिता घेऊ नका, कादंबरीवरून काम करा. बीबीसीच्या संहिता, संगीत यांना तर हातच लावू नये. त्या स्वतंत्र कृती आहेत.

दुसरी अडचण भाषेची. विम्झीच्या उमरावी उच्चारांना मराठीत काय करायचे? त्याला सरदार घराण्यातला करून पुण्या-कोल्हापुरात आणण्याचा मोह होईल. तो टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची बेकारी, त्याची पदवी, त्याचे युद्ध हे सगळे त्या इंग्लंडचे आहे. फ्रान्समधल्या खंदकांशिवाय विम्झी उरत नाही. आपल्याला त्याचा हेल मराठीत आणायचा नाही, त्याची गती आणायची आहे. विषय अचानक बदलणे, कंसात कंस घातल्यासारखी वाक्ये, उत्तर टाळण्यासाठी विचारलेला प्रश्न, हे मराठीत सहज जमते. अक्षरे गिळण्याची नक्कल केली की श्रोता उच्चारांकडे लक्ष देतो आणि माणूस हातचा जातो. एक गोष्ट सांगतो, ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. विम्झीची आई, थोरली डचेस, हीसुद्धा अशीच बोलते. एका वाक्यातून दुसऱ्यात, स्वल्पविरामावर स्वल्पविराम, आणि शेवटी नेमक्या मुद्द्यावर. तिच्यासाठी नटी निवडताना तिची गती विम्झीच्या नटाशी जुळवून पाहा. श्रोत्याला कुणी न सांगता कळेल की हे बोलणे पोराने आईकडून घेतले आहे.

तिसरी अडचण मराठीच घालते, आणि मला ती देणगी वाटते. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. आपल्याला प्रत्येक जोडीपाशी ठरवावे लागते: तू की तुम्ही? इन्स्पेक्टर पार्कर आणि विम्झी यांच्यात दोन्हीकडून तू. एकजण पोलीस आणि दुसरा उमराव असूनही ही मैत्री बरोबरीची आहे, पुढे पार्कर त्याचा मेहुणाच होतो. बंटर विम्झीला अर्थातच तुम्ही म्हणेल. विम्झी बंटरला तू म्हणेल, पण त्या तू मध्ये हुकूम ऐकू येता कामा नये. बंटरच्या तोंडी ‘मालक’ घालू नका, तो शब्द शेतावरचा आणि पेढीवरचा आहे. ‘साहेब’ पुरे होते, आणि जिथे पदवी मुद्दाम म्हणायची तिथे ‘लॉर्डसाहेब’.

खरा पेच हॅरिएटचा. तुरुंगातल्या भेटीपासून दोघेही एकमेकांना तुम्हीच म्हणतील. त्याने आधी तू वर यावे का? माझ्या मते मुळीच नाही. ज्याने जीव वाचवला त्याने एकतर्फी तू म्हटले तर त्याच एका अक्षरात तिचा सगळा आक्षेप खरा ठरतो. म्हणून तीनही कादंबऱ्यांत तुम्ही टिकवायचे. रागात, थट्टेत, नदीवरच्या होडीत शेजारी बसलेले असतानाही तुम्हीच. आणि मग ‘गॉडी नाइट’ चा शेवट. ऑक्सफर्डची रात्र, दोघांच्याही अंगावर पदवीचे झगे. विम्झी चौकोनी टोपी काढून हातात धरतो आणि विद्यापीठात पदवी देताना विचारतात त्या लॅटिनमध्ये विचारतो, ‘प्लासेत्ने, माजिस्त्रा?’ म्हणजे, मान्य आहे का, विदुषी? ती त्याच भाषेत एका शब्दात उत्तर देते, ‘प्लासेत.’ मान्य आहे. ही लॅटिन मराठीत आणू नका. त्याऐवजी आधीच्या भागात पदवीदानाचा प्रसंग घालून श्रोत्याच्या कानावर हा प्रश्न आणि हे उत्तर एकदा पडू द्या, म्हणजे शेवटी अर्थ सांगावा लागणार नाही. पहिला तू यायचा तो या एका शब्दानंतर, आणि दोन्हीकडून एकदमच. लग्नानंतर हॅरिएटने नवऱ्याला ‘अहो’ म्हणायचे नाही, हे वेगळे सांगायला नको. तिने पाच वर्षे नकार दिला तो याच बरोबरीसाठी.

कथा कोणती निवडावी? ‘फाइव्ह रेड हेरिंग्ज’ नको. स्कॉटलंडच्या गॅलोवे भागातल्या सहा संशयित चित्रकारांचे आणि आगगाड्यांच्या वेळांचे ते कोडे कागद-पेन्सिल घेऊन वाचायचे आहे. कानाने ऐकणारा दुसऱ्या स्थानकावरच हरवतो. ‘द नाइन टेलर्स’ चे आकर्षण वाटेल, कारण चर्चच्या घंटा हेच तिचे मध्यवर्ती पात्र आहे आणि ध्वनिनाट्याला याहून मोठे दान ते कोणते. पण इंग्लंडच्या पूर्वेकडच्या सखल पाणथळ मुलखात घंटा सुरावर वाजवत नाहीत. ठरावीक गणिती क्रम बदलत बदलत त्या तासन्‌तास वाजवतात, आणि तो नाद खरा मिळाला नाही तर सगळा डोलारा कोसळतो. कुठल्याही देवळाच्या किंवा शाळेच्या घंटेने ते भागणार नाही. ‘मर्डर मस्ट ॲडव्हर्टाइझ’ मात्र आपल्याला जमण्यासारखी आहे. त्यात विम्झी खोट्या नावाने जाहिरात कंपनीत नोकरी करतो, आणि कंपनीच्या क्रिकेट सामन्यात आपण सामान्य खेळाडू आहोत असे दाखवत असताना एक चेंडू कोपरावर लागतो. कळ मस्तकात जाते, सोंग विसरले जाते आणि तो आपला खरा खेळ खेळू लागतो. सीमेवर बसलेला एक म्हातारा ती फलंदाजी ओळखतो. ऑक्सफर्डमधल्या बॅलिओल कॉलेजच्या विम्झीला त्याने कित्येक वर्षांपूर्वी खेळताना पाहिलेले असते. हे दृश्य मराठी श्रोत्याला समजावून सांगावे लागत नाही. त्यात फक्त बॅटचे आवाज बदलायचे: आधी बोथट, कडेला लागलेले, मग मध्यावर बसलेले, कोरडे, एकामागून एक. म्हाताऱ्याचे वाक्य त्यानंतर यावे, आधी नाही.

तरीही पहिला प्रयोग म्हणून मी आपल्याला पूर्ण कादंबरी घ्यायला सांगणार नाही. ‘हूज बॉडी?’ मधला रात्रीचा एकच प्रसंग घ्या. दोन नट, एक खोली, पाच-सहा मिनिटे. खुनी कोण हे विम्झीला त्या संध्याकाळी उमगलेले आहे. रात्री तो बंटरच्या दाराशी येतो, दात वाजत आहेत. त्याच्या लेखी ही पिकॅडिली नाही, खंदक आहे; खाली माणसे कमरेएवढ्या पाण्यात उभी आहेत आणि शत्रू जमिनीखालून सुरुंग खणत येतो आहे. ठक, ठक, ठक. तोफांच्या आवाजात तो नीट ऐकू येत नाही म्हणून हा कासावीस. बंटर त्याला ‘मेजर’ म्हणतो, कारण या क्षणी समोर मेजर आहे. विम्झी हट्टाने म्हणतो की मला ऐकू येते आहे. आणि बंटर ठामपणे सांगतो की मलाही येते आहे, ते आपलेच लोक खणत आहेत, काळजी करू नका. बोलता बोलता ‘मेजर’ चे पुन्हा ‘लॉर्डसाहेब’ होते, मग नुसते ‘साहेब’. तीन संबोधनांत बंटर त्याला फ्रान्समधून लंडनला परत आणतो.

ध्वनिसंयोजक विचारेल की ती ठकठक ऐकवायची का. ऐकवली तर श्रोता विम्झीच्या डोक्यात शिरतो आणि घाबरतो. मी ती ऐकवत नाही. खोलीतली शांतता, रस्त्यावरून दूर गेलेली एखादी मोटार, विम्झीचा श्वास, एवढेच. मग बंटर जेव्हा म्हणतो, ‘मलाही ऐकू येतंय, साहेब,’ तेव्हा श्रोत्याला ठाऊक असते की त्याला काहीही ऐकू येत नाही. त्या वाक्याच्या आधी बंटरच्या नटाला दोन सेकंद द्या. घाई करू देऊ नका.